सात नंबरचं मध्यंतर

मी फक्त अर्धा कागद मागितला होता. अख्खा नव्हे, अर्धा. आमच्या इमारतीत जिन्याच्या पायथ्याशी काचेच्या दाराचा, कुलूप लावलेला एक सूचनाफलक आहे. त्यात गेली दोन वर्षं ‘जिन्यात सायकली ठेवू नयेत’ एवढी एकच सूचना आहे आणि तिच्या बरोबर खाली तीन सायकली उभ्या असतात. त्या सूचनेशेजारची रिकामी जागा मला हवी होती. सिनेमांबद्दल चार ओळी लिहायला.

हौस म्हणून नव्हे. नाइलाज म्हणून. दर बुधवारी दुपारी बाराच्या खेळाला मी आणि सातवाली चौकातल्या थिएटरात जातो. सातवाली म्हणजे सात नंबरातली माझी शेजारीण. मी आठ नंबरात. आमची दारं समोरासमोर आहेत आणि अकरा वर्षं आम्ही शेजारी-शेजारी बसून, खुर्च्यांमधल्या एका हातावर दोघींची कोपरं टेकवून सिनेमे बघत आलोय. बाहेर आल्यावर सिनेमा चुलीत गेला तरी चालेल, पण घरापर्यंतच्या वीस मिनिटांत आम्ही त्याची जी चिरफाड करतो ना, खरा खेळ तो. बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे बुधवारी घरी येताना जिना चढणं म्हणजे तोंडी परीक्षा. तळमजल्यावर एक विचारतो, “वहिनी, कसा होता?” पहिल्या मजल्यावर दुसरी विचारते, “काकू, नेऊ का मुलांना?” दुसऱ्या मजल्यापर्यंत माझं मत इतकं झिजलेलं असतं, की मी नुसतं “बघा तुम्हीच” म्हणते. आणि मग तेच लोक सिनेमा बघून येतात आणि मलाच बोल लावतात.

म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकू.

घरात सांगितलं तर आमचे हे चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “तू मत देणार? लेखी?”

“का? देऊ नये?”

“तसं नाही. पण लेखी मताला जबाबदारी असते.” हे गेल्या वीस वर्षांत एकाही सिनेमाला सुरुवातीची नावं संपेपर्यंत जागे राहिलेले नाहीत. पण जबाबदारी म्हटलं की यांना खडखडीत जाग येते.

सचिव एक नंबरात राहतात. फलकाची किल्ली त्यांच्या कमरेला असते. अंगावरच्या दागिन्यासारखी ते ती मिरवतात. त्यांनी मला आधी अर्ज लिहायला लावला. मग अर्ज ‘विषय’ न लिहिल्याबद्दल परत केला. मग विषय लिहिला तर म्हणाले, “वहिनी, हे बसत नाही नियमात. व्यापारी जाहिरातीला फलकावर मनाई आहे.”

“जाहिरात कुठंय? मी तर नावंच ठेवणार आहे.”

“सिनेमाचं नाव आलं ना? नाव आलं की जाहिरात.”

“मग सिनेमाचं नाव न घेता सिनेमाबद्दल लिहू कसं?”

सचिवांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा नियमांची वही त्यांना आतून दिसते म्हणतात. मग उघडून म्हणाले, “क्रमांक घाला. थिएटरात प्रत्येक पडद्याला क्रमांक असतोच की नाही? नियमात बसतं.”

हे वाक्य त्यांचं आहे. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते त्यांना आठवेनासं झालं. चौकातल्या थिएटरात एका मोठ्या सभागृहाचे आठ तुकडे करून आठ पडदे केलेत आणि शुक्रवारी बसलेला सिनेमा पुढच्या गुरुवारपर्यंत त्याच पडद्यावर असतो. मला वाटलं, काय सोपी युक्ती आहे! आमच्या बिऱ्हाडांनाही एक ते बारा असेच क्रमांक आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सचिवांच्याही नाही. वहीत नसावं.

बातमी पसरली तसे सल्ले यायला लागले. पाच नंबरातले निवृत्त मास्तर जिन्यात मला अडवून अर्धा तास बोलले. त्याचं सार एवढंच, की ‘बरा’ हा शब्द वापरू नका. “बरा म्हणजे काय, वहिनी? ताप उतरलेला माणूस बरा असतो. सिनेमाबद्दल ठाम लिहा!” दोन नंबरात दातांचे डॉक्टर आहेत, तिथेच दवाखाना आणि मागे घर. ते म्हणाले, “थोडक्यात लिहा. एका झटक्यात काम संपलं पाहिजे. भूल देत बसू नका.” चार नंबरातले आजोबा, वय वर्षं एक्याऐंशी, एकटेच राहतात, ते म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही हल्ली. आमच्यासाठीही काहीतरी लिही, मुली.”

पहिलाच कागद भरगच्च दिसावा म्हणून मी त्या आठवड्यात शुक्रवार ते मंगळवार रोज एक असे पाच सिनेमे पाहिले. एकटीने. पाठ धरली, मान आखडली, पॉपकॉर्नच्या वासाने घरात झोप लागेना. एकटीने अशासाठी, की सातवाली आदल्या गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि हातातला कप न पिता फिरवत म्हणाली होती, “हे गेले गं.”

“कुठे?”

“भावाकडे. बॅग भरून. परत येतो का नाही ते कळवतो म्हणाले. जणू लग्नाचं आमंत्रण आहे.” मग कप खाली ठेवून म्हणाली, “इमारतीत फिरतीवर गेलेत म्हणून सांगितलंय. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. बोलू नकोस.”

मी नाही बोलले. आमच्या यांनासुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट इतके दिवस माझ्या पोटात राहिली होती आणि मला तिचा अभिमान होता. तिचं मन जरा हलकं होईपर्यंत सिनेमा नको, असं तिनेच सांगितलं. म्हणून मी एकटी.

बुधवारी सकाळी मी कागद दिला. वर ठळक अक्षरात मथळा होता: ‘चौकातल्या थिएटरातल्या पडद्यांवर या आठवड्यात पाहिलेले सिनेमे’. खाली मतं, मास्तरांच्या सल्ल्याने ठाम, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडक्यात. सचिवांनी तो लावला. पण त्याच दिवशी त्यांना पाण्याची टाकी धुण्याची सूचनाही लावायची होती आणि समितीकडे टाचण्या होत्या चार. तेव्हा त्यांनी टाकीची सूचना माझ्या कागदाच्या डोक्यावर ठेवून दोन्ही कागद त्याच चार टाचण्यांत बसवले. मथळा टाकीखाली बुडाला. काचेतून दिसत होतं ते एवढं:

‘क्र. १ — चोर कोण ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.
क्र. २ — भयानक. आत गेल्यावर उठून पळावंसं वाटतं. किंकाळ्या अगदी खऱ्या.
क्र. ४ — नाचगाणी भरपूर, कपडे कमी. मुलांना नेऊ नये.
क्र. ५ — फार लांबण. तेच ते बोलणं. माझा डोळा लागला.
क्र. ७ — बायको गुणी. नवरा मध्यंतरात घर सोडून जातो. शेवटी परत येतो, तेच चुकतं.
वरील सर्व मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे. — क्र. ८’

मी त्या दिवशी पाठ शेकत पडून होते, त्यामुळे मला पत्ताच नाही. चारच्या सुमारास दार वाजलं. डॉक्टर. पांढरा कोट, हातात तो छोटा आरसा तसाच.

“वहिनी, गेल्या वर्षी तुमची अक्कलदाढ काढली, तेव्हा तुम्ही ओरडला होतात का?”

“नाही बाई. अजिबात दुखलं नाही.”

“मग या किंकाळ्या कुणाच्या?”

मला वाटलं, कुणीतरी पेशंट पळून गेला असावा. मी म्हटलं, “होतं असं कधीकधी.” डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या सगळ्या दाढा एकदम जाग्या झाल्या. ते गेले आणि मास्तर आले. ते काही बोललेच नाहीत. मास्तर बोलत नाहीत, हे इतकं भीतीदायक असेल असं मला वाटलं नव्हतं. नुसते उंबऱ्यात उभे राहिले, मान हलवली, म्हणाले, “झोपा. आता नाही बोलत कधी,” आणि गेले. त्यांच्या पाठोपाठ चार नंबरचे आजोबा. ते मात्र प्रसन्न. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. “मुली,” ते हळूच म्हणाले, “तू पाहिलंस कधी गं? मी पडदा तर ओढून घेतो.”

इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी तशीच अनवाणी खाली धावले, काचेला नाक लावून स्वतःचा कागद वाचला आणि सातव्या क्रमांकाशी आले तशी उलट्या पावली वर धावले.

सातच्या दारावर मी थाप मारली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आधी लावलेली नव्हती.

“अगं, ऐक ना! तो सिनेमा आहे!”

“हो!” आतून आवाज आला. “तुझ्यासाठी सिनेमाच आहे!”

“तसं नाही गं, खरंच सिनेमा आहे!”

“केलासच ना माझ्या घराचा सिनेमा? मग आता बघ. तिकीट काढून बघ!”

मराठी भाषा समृद्ध आहे असं मास्तर नेहमी म्हणतात. पण ऐन वेळी तिच्यात सिनेमाला दुसरा शब्द सापडत नाही. मी ‘चित्रपट’ म्हणून पाहिलं. तोही चालला नाही. फोन केला, तो दाराच्या पलीकडे वाजताना ऐकू आला, मग बंद झाला. दोन पानी चिठ्ठी दाराखालून सरकवली. ती माझ्या दाराखालून परत आली, न उघडता.

गुरुवारी संध्याकाळी सचिवांनी फलकापाशीच तातडीची सभा घेतली. सायकलींवर हात टेकून सगळे उभे. सचिव म्हणाले, “प्रश्न गंभीर आहे. माझ्याबद्दल ‘चोर’ हा शब्द वापरण्यात आला आहे.”

“अहो, पडद्यांचे क्रमांक आहेत ते! तुम्हीच सांगितलंत, क्रमांक घाला म्हणून.”

“मी?” सचिवांनी डोळे मिटले. “असं काही नोंदलेलं नाही.”

“ती टाकी उचला आधी!”

“टाकी?”

“टाकीची सूचना! तिच्याखाली मथळा आहे!”

सचिवांनी कमरेची किल्ली काढली, काच उघडली, टाकी उचलली. सगळ्यांनी वाकून मथळा वाचला. मोठा ‘अच्छा’ झाला. डॉक्टर एवढे हसले की मी पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले. फारसे चांगले नाहीत. आजोबा मात्र उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाले, “म्हणजे ते माझ्याबद्दल नव्हतं?” आणि मास्तरांचं काही समाधान झालं नाही. “सिनेमाबद्दल असेल,” ते म्हणाले, “पण परवा मी बोलत असताना तुमचा डोळा लागला होता, हेही खरंच.”

सभेने ठराव केला, की कागद काढावा, क्रमांकांनाही यापुढे मनाई असावी आणि मी लेखी दिलगिरी द्यावी. मात्र ती फलकावर लावायची असल्यास वेगळा अर्ज करावा. सगळे समाधानाने पांगले. इमारतीत आता एकूण एक माणसाला कळलं होतं, की तो सिनेमा होता. एक सोडून. ती सभेला आलीच नव्हती. आणि सभेतून जाताना दोघी-तिघी एकमेकींना म्हणत होत्या, ते मी ऐकलं: “पण सातचे दिसले नाहीत हो बरेच दिवस. फिरती म्हणे.”

रात्रीच्या जेवणाला आमचे हे ताटाकडे बघत म्हणाले, “मी सांगितलं होतं. लेखी मत.” मी वाढायचा चमचा जरा जोरात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, “आठ नंबरबद्दल काही लिहिलं नाहीस?”

“आठवर लहान मुलांचा होता. पाहिला नाही.”

“पाहायला हवा होतास,” हे म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. यांचंही मन दुखलं होतं! सगळ्या इमारतीचं वाईट लिहिलं म्हणून इमारत रुसली आणि काहीच लिहिलं नाही म्हणून घर. मत देणाऱ्या बाईला कुठेच थारा नसतो.

मी ठरवलं, तिला तो सिनेमाच दाखवायचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघेल तेव्हाच पटेल. तर शुक्रवारी थिएटरवाल्यांनी तो सातवरून उचलून तीनवर टाकला. माझ्या नशिबाने सगळी कामं अशीच नीट होतात. लांब चिठ्ठी ती वाचत नाही म्हणून मंगळवारी मी छोटी लिहिली, घडी न घालता, अक्षरं वर करून सरकवली: ‘उद्या बाराला तीन नंबरला ये. मी आत अंधारात बसलेली असेन. एकदाच बघ, मग आयुष्यभर बोलू नकोस.’ नेहमीसारखं लिहिलं. पुन्हा तीच चूक केली, हे मला कळलंसुद्धा नाही.

बुधवारी मी नेहमीच्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरून ठेवली. सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची बायको ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याचे डबे भरत होती, गुणी म्हणजे किती गुणी, आणि माझी मान दर दोन मिनिटांनी मागच्या दरवाजाकडे. पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, “बाई, सिनेमा इकडे आहे.” एकटीने सिनेमा बघणं म्हणजे काय, ते आधीच्या पाच सिनेमांत मला कळलं नव्हतं, त्या एका तासात कळलं. मधल्या हातावर माझं एकटीचं कोपर होतं. अख्खा हात मोकळा. नको होता मला अख्खा.

मध्यंतराचे दिवे लागले आणि ती दारात दिसली. धापा टाकत, पायात दोन जोडांच्या दोन चपला. माझी पिशवी उचलून तिने माझ्या मांडीवर आदळली आणि बसली.

“अर्धा तास उभी होते,” ती समोर बघत म्हणाली.

“कुठे?”

“तीन नंबरच्या दारात! आपल्या! चार वर्षं कुलूप आहे त्या घराला. म्हटलं, ही बया आत अंधारात बसलीय म्हणते, म्हणजे डोकं फिरलं की काय हिचं. हाका मारल्या. कुलूप हलवलं. ते आजोबा बाहेर आले चारमधून, नटूनथटून. म्हणाले, ‘ती ना? ती थिएटरात गेली असेल. तिचे नंबर तिकडचे असतात.’ आणि मग मला सगळं सांगितलं. मथळा, टाकी, सगळं.” ती माझ्याकडे वळली. “मूर्ख आहेस तू.”

“हो.”

“महामूर्ख.”

“हो गं.”

“कोपर सरकव.”

मी सरकवलं. दिवे गेले. पडद्यावरचा नवरा मध्यंतर होताहोताच निघून गेला होता, त्यामुळे तिला फक्त ती बायको दिसली. रिकाम्या घरात भांडी लावणारी, एकच ताट घेणारी, मग हळूहळू गाणं गुणगुणायला लागणारी. सातवाली हलली नाही. शेवटी दार वाजलं, नवरा बॅग घेऊन उभा, तिने धावत जाऊन दार उघडलं, वाद्यं वाजली, नावं वर सरकू लागली. थिएटर रिकामं झालं तरी आम्ही बसून राहिलो.

मी घाबरत विचारलं, “कसा वाटला?”

“तू लिहिलंस ते चूक आहे,” ती म्हणाली. “तो परत येतो, ते चुकत नाही. यायचं असेल तर येईल माणूस. ती धावत जाऊन दार उघडते ना, ते चुकतं.”

घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी आम्हाला सव्वा तास लागला.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला जिन्यात जड पावलं वाजली. मी दाराच्या भोकाला डोळा लावला. हे मला आवडत नाही, पण दारं समोरासमोर असली की काही कर्तव्यं येतात. सातचे होते. तीच बॅग. त्यांनी शर्ट नीट केला, घंटी वाजवली. आत भांड्यांचा आवाज थांबला.

“मी आलोय,” ते दाराला म्हणाले.

मग आतून, शांत आवाजात, घाई नसलेल्या आवाजात: “अजून मध्यंतर चालू आहे. बाहेर थांबा. संपलं की बोलावते.”

आणि भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्याच्याबरोबर बारीकसं गुणगुणणंही.

ते पाच मिनिटं उभे राहिले. मग बॅगेवर बसले. बॅग मऊ होती, खचली, तेव्हा उठले. मला राहवलं नाही. मी दार उघडून स्टूल बाहेर ठेवलं.

“वहिनी,” ते स्टुलाच्या कडेवर टेकत, आवाज खाली आणत म्हणाले, “तुम्ही दोघी एवढे सिनेमे बघता. हे मध्यंतर साधारण किती वेळाचं असतं?”

आमचे हे मागून चष्मा सरकवून ऐकत होते. चार नंबरचे आजोबा कठड्याला टेकून ऐकत होते. खाली सचिवांची किल्ली वाजायची थांबली होती. अख्खी इमारत माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी त्यांना पेलाभर पाणी दिलं, पाठीला टेकायला एक उशी दिली. मत दिलं नाही.